वंगण

वस्तू वापराने झिजते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणून चांगली भांडी माळ्यावर आणि चांगले लुगडे ट्रंकेत! मोटारीतल्या थंड हवेच्या यंत्राने मात्र मला याच्या अगदी उलटे शिकवले.

२०२२ च्या पावसाळ्यात वडील गेले आणि त्यांची मोटार आवारात तशीच उभी राहिली. आई तेवढी दर रविवारी तिचे कव्हर झटकून येई. दीड वर्षाने नवी बॅटरी घालताच एंजिन जागे झाले. परंतु गार वारा काही येईना. मेकॅनिक म्हणाला, "कॉम्प्रेसर नवा टाका, नाहीतर गाडी काढून टाका." धाकट्या भावाला दुसरा सल्ला पटला. आई काहीच बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला चांगले समजते.

"मामा, अख्खा कॉम्प्रेसर कशाला? नुसतं सील वाळलंय," पदविकेला असलेला माझा भाचा म्हणाला.

उरलासुरला गॅस आम्ही आधी वर्कशॉपमधल्या यंत्राने काढून घेतला. तो हवेत सोडायचा नसतो; पृथ्वी तापवण्यात हा आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडला हजारपटीहून अधिक भारी आहे. मग गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून क्लचची चकती, पुली, कॉइल, सर्क्लिप असे एकेक उतरवले. शेवटी फिरत्या दांड्याभोवतीचे सील हाती आले. इवलेसे रबर, कडेला कडक झालेले.

भाचा समजावू लागला. हे सील नुसत्या घट्टपणाने गॅस अडवत नाही. गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलाचा पातळ थर त्याच्या ओठावर असतो, त्याची मोठी मदत असते. यंत्र महिनोन् महिने बंद राहिले की तेल खाली उतरते, ओठ कोरडा पडतो आणि गॅस निसटतो. म्हणून ऐन थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा.

नवे सील तेल लावून बसवले. ओ-रिंगा बदलल्या, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. जुने तेल मापून तितकेच नवे ओतले आणि बाटलीचे बूच लगेच लावले. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. कॉम्प्रेसर जागेवर चढवून, उसन्या पंपाने अर्धा तास आतली हवा ओढली. निर्वातात पाणी एरवीच्याच तापमानाला उकळून निघून जाते, हेही मला तेव्हाच कळले.

पंप बंद करून आता अर्धा तास काटा पाहत बसायचे होते. तो सरकला, तर गळती कायम.

तेवढ्यात आई स्टूल घेऊन खाली आली. काट्याकडे पाहत म्हणाली, "ह्यांना गाडीत गाणं म्हणायची भारी हौस. काचा लावलेल्या, म्हणून कुणाला ऐकू जात नसे." वडिलांविषयी ती इतके दिवसांत प्रथमच बोलत होती. मग घाटातल्या पंक्चरची गोष्ट निघाली, भाच्याच्या बारशाची निघाली.

अर्धा तास केव्हाच उलटला. काटा जागचा हलला नव्हता. पण उठायची घाई कुणालाच नव्हती.