आईची कॅसेट

आई गेल्यावर कपाटात साठ मिनिटांची कॅसेट सापडली. तिच्या आवाजातल्या ओव्या! पण वीसेक मिनिटांनी ओवी मध्येच तुटली आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. शाळेत असताना टू-इन-वनवर रेडिओवरून ते मीच भरलं होतं. तेव्हा कडेची प्लास्टिकची पट्टी मोडलेली असती, तर त्यावर दुसरं काही भरताच आलं नसतं. मैत्रिणींनो, तुमच्याकडे अशी कॅसेट असेल, तर आधी ती पट्टी मोडा, मगच लावा.

दुकानदारानं संगणकावर उतरवताना टेपची खरखर काढली. ऐकते तो काय, आईच्या बांगड्यांची किणकिणही गेलेली! दोन्ही आवाज बारीक, यंत्राला फरक कसा कळणार? म्हटलं, "दादा, खरखर राहू द्या."

आता मोबाइलवर तीच लावते. गाण्याआधी मात्र बंद करते.