कागोशिमाची मुले आणि त्यांचे इंग्रजी

जपानमधील क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला कागोशिमा शहर वसले आहे. समोर खाडी आणि खाडीत साकुराजिमा हा धुमसता ज्वालामुखी. त्याच्या पायथ्याची मुले शाळेत जाता-येता डोक्यावर पिवळी हेल्मेटे घालतात. गोव्याहून निघालेले संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली येथेच उतरले, आणि इथल्या भाषेने त्यांनाही बराच काळ मुके करून ठेवले. मग इंग्रजी शिकविण्यास आलेल्या माझ्यासारख्याची काय कथा!

परदेशी तरुणांना शाळांत साहाय्यक म्हणून बोलाविण्याची योजना जपान सरकारने १९८७ पासून चालविली आहे. २०२० पासून तर तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजीची तोंडओळख करून देतात आणि पाचवी-सहावीला तो रीतसर विषय झाला आहे. खरी अडचण ही की मुलांना इंग्रजी येत नाही असे नाही. त्यांचे स्वतःचे एक इंग्रजी आधीच तयार असते. जपानी भाषेत व्यंजनाला स्वराचा टेकू लागतोच. एक ‘न’ तेवढा अपवाद. म्हणून मिल्कचे ‘मिरुकु’ होते, आइसक्रीमचे ‘आइसुकुरीमु’. ‘राइट’ आणि ‘लाइट’ हे दोन्ही ‘राइतो’. उजवीकडे वळा म्हटले की एखादा खट्याळ पोरगा छताच्या दिव्याकडे बोट दाखवितो, आणि वर्ग खिदळतो. ‘मान्शोन’ म्हणजे साधी सदनिकांची इमारत. त्यामुळे अर्धा वर्ग आपण मॅन्शनमध्ये, म्हणजे हवेलीत राहतो असे छातीठोकपणे सांगतो.

रंगांचा पाठ तर अंत पाहतो. सिग्नलचा हिरवा दिवा जपानीत ‘आओ’, म्हणजे निळा. सूर्य चित्रात लालच काढायचा. पिवळ्या सूर्याचे चित्र पुढे धरले तर मुले विचारतात, “सेन्सेई, हा चंद्र ना?” कोंबड्याच्या आरवण्यावरून वाद झाला तेव्हा मात्र मी मुलांच्या बाजूने होतो. त्यांचे ‘कोकेकोक्को’ आपल्या ‘कुकूचकू’चे सख्खे भावंड वाटते, ‘कॉक-अ-डूडल-डू’ असे आरवणारा कोंबडा मी तरी ऐकलेला नाही.

‘हाई’ म्हणजे होय. पण ‘हाई’ म्हणजे राखसुद्धा. प्रश्न विचारल्यावर सारा वर्ग खिडकीकडे पाहून ‘हाई!’ ओरडला की नव्या शिक्षकाला धन्य वाटते. बाहेर ज्वालामुखीची राख पडू लागलेली असते. तुला मांजर आवडत नाही का, या प्रश्नाला न आवडणारा मुलगा ‘येस’ म्हणतो. इंग्रजी शिक्षक यावर कपाळाला हात लावतील. पण “हो, नाही आवडत” असे आपणही म्हणतोच की.

सर्वांत चिवट लढा पावावरून झाला. ब्रेडचे चित्र दाखविले की एकमुखाने उत्तर येई, “पान!” हा शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून तिकडे गेला, त्याच पोर्तुगीज शब्दाचा आपल्याकडे ‘पाव’ झाला. पण हे चौथीच्या मुलांना कसे पटावे? परदेशी शब्दांसाठी राखून ठेवलेल्या काताकाना लिपीत तो लिहितात, तेव्हा तो इंग्रजीच असला पाहिजे. तर्कात काही खोट नव्हती.

हसणाऱ्यांची मला चिंता नव्हती. मागच्या बाकावरील एक मुलगी सहा महिने इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही. उत्तर तिला येई. वहीत ते सुंदर अक्षरात लिहिलेले असे. पण चारचौघांत चुकणे तिला सहन होत नव्हते, आणि मी आग्रह केला की तिची मान आणखी खाली जाई. वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, “थांबा.” मी थांबलो, ते मला फार जड गेले.

तिकडे दुपारचे जेवण मुलेच वाढतात. एका दुपारी पांढरी टोपी घालून, हातात चिमटा धरून तीच मुलगी उभी होती. माझी थाळी पुढे आली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि पुटपुटली, “बुरेद्दो. टू?”

मी दोन घेतले.