गाडगेबाबांचा आवाज ऐकल्यावर

ऋषी, संत आणि राजे यांच्या तोंडी प्रमाण मराठीच शोभते, असं मी बरीच वर्षं मानत आलो. कळंबला गणेशोत्सवातली नाटकं बसवताना संवाद त्याच हिशेबानं लिहायचो. देव आणि ऋषी शुद्ध बोलणार, पहारेकरी आणि माळी वऱ्हाडी. ऋषीच्या वेशातला पोरगा 'डोळा'ला 'डोया' म्हणाला, की त्याला थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावायचो. मोठ्या माणसाचा मान भाषेतूनही राखावा, अशी माझी श्रद्धा होती. आज माझं मत बदललं आहे.

कळंबच्या माणसात ही श्रद्धा सहज रुजते. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून गाभाऱ्याशी जाताना गृत्समद ऋषीची आठवण निघतेच. विनोबांनीही त्याला कळंबचा म्हटलं आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातली 43 सूक्तं मुख्यतः त्याच्या आणि त्याच्या कुळाच्या नावावर आहेत, आणि गणपतीच्या पूजेत आजही म्हटली जाणारी एक ऋचा त्यातलीच. असा ऋषी ज्या गावाचा, त्या गावानं आपल्या बोलीला कमी लेखलं तर नवल नाही.

मला हलवलं ते गाडगेबाबांनी. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढच्याच महिन्यात बाबा गेले. बाबांबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण आवाज ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. बाबा प्रश्न विचारतात, समोरचे लोक उत्तर देतात, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. एवढी मुंबई समोर बसलेली, तरी बोलणं आमच्या वऱ्हाडातलंच. तेच बोलणं प्रमाण भाषेत घालून मी मनात म्हणून पाहिलं. शब्द उरले, पण लोकांना बोलतं करणारे बाबा त्यात राहिले नाहीत.

मग चक्रधरांकडे नव्या नजरेनं पाहिलं. महानुभाव परंपरा त्यांना भडोचचे, म्हणजे गुजरातचे मानते. तरी त्यांनी निरूपण केलं ते मराठीत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी ज्यांनी चक्रधरांना पाहिलं-ऐकलं, त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या. पुढं त्याच पंथातल्या केशिराजांच्या मनात संस्कृत रचना करायचं आलं, तेव्हा चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. कारण साधं होतं: पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील. स्मृतिस्थळातली ही आठवण मी पूर्वी भाषेचा अभिमान म्हणून सांगायचो. आता मला त्यात त्या बाया दिसतात. गुरूचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचायचं, याचा तो निर्णय होता.

जगातही हेच दिसतं. बुद्धाची वचनं वैदिक छंदात बांधावीत, असं दोन भिक्षूंनी सुचवलं, ते त्यानं मानलं नाही, असं विनयपिटक सांगतं. येशू अरामी बोलायचा, आणि शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. ग्रंथाची भाषा नंतर घडते. तोंडची भाषा समोर बसलेल्या माणसांमुळे ठरते. गृत्समदाच्या ऋचाही छंदात घडवलेल्या आहेत. गाईमागं जाताना, लेकराला हाक मारताना तो त्याच छंदात बोलत असेल, असं आता मला वाटत नाही.

प्रमाण मराठीचं मोल माझ्या लेखी कमी झालेलं नाही. अर्ज, परीक्षा, वर्तमानपत्र यांना ती लागतेच, आणि पोरांना ती नीट यायला हवी. पण मान फक्त तिच्यातच असतो, हे मी आता मानत नाही. आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथल्या लेकरांची कोलामी मराठीच्या कुळातलीही नाही, ती द्रविड कुळातली. संताची गोष्ट त्या लेकरांना सांगायची तर आधी कोलामीत सांगावी, असं मी आता ठामपणे म्हणतो. ज्या भाषेत आई रागावते आणि जवळ घेते, त्या भाषेत देव आणि संत बोलू शकत नाहीत, असं लेकराच्या मनावर बिंबवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?