३ आणि ६ ची अदलाबदल



पहिली-दुसरीत दरवर्षी काही मुलं ३ च्या जागी ६ लिहितात आणि ६ च्या जागी ३. यंदा एका मुलाचे वडील वही घेऊनच शाळेत आले. "मॅडम, याले धड दिसत नाही का? का डोकंच कमी हाय?" मुलगा शेजारीच उभा होता! त्याच्यासमोर असं बोलू नये, पण ते असो.

मी मुलाला मोबाईलवर आपल्या लोणार सरोवराचे तीन फोटो दाखवले. वरच्या काठावरून पाहिलं की विवर म्हणजे पाणी भरलेली भलीमोठी परात, सुमारे १.८ किलोमीटर रुंद. खाली कमळजादेवीच्या देवळापाशी उभं राहिलं की परात गायब, चहूबाजूंनी डोंगरच. उपग्रहाच्या फोटोत तर नुसती गोल टिकली! पहिले दोन त्याने लगेच ओळखले. तिसऱ्याला जरा थांबला, मान तिरपी केली, मग म्हणाला, "हे बी आपलंच सरोवर."

हे थांबणं मोठ्यांचंही होतं. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या शास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. दोन्ही आकृत्या एकच आहेत की एक दुसरीची आरशातली प्रतिमा आहे, एवढंच सांगायचं. आकृती जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. जणू माणूस ती मनातल्या मनात फिरवून बघतो.

आता ३ आणि ६ कडे या. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. बैलाने तोंड फिरवलं म्हणून त्याची गाय होत नाही. मूल लहानपणापासून हेच शिकत आलंय. आणि शाळेत आपण अचानक सांगतो, पोट उजवीकडे असेल तर तीन, डावीकडे वळलं की सहा! त्याच्या दृष्टीने हा नियमच नवा आहे.

म्हणून मी हे दोन आकडे एकाच दिवशी शिकवत नाही. आधी ३ पक्का होऊ देते. मातीत बोटाने मोठा गिरवायचा, "पोट उजवीकडे" असं मोठ्याने म्हणत. ६ नंतर आठवड्याने. दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा मला पटत नाही, मूल चुकलेलंच दहा वेळा गिरवतं. मात्र तिसरी-चौथीतही अदलाबदल चालू राहिली आणि वाचनही अडखळत असेल, तर डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षकांशी बोला.