सेकंदांचा कॉलम

मार्च २०२२ मध्ये मी एक एक्सेल शीट बनवली होती. ऑफिस अजून घरूनच चालू होतं. सकाळच्या स्टँडअप कॉलमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी दुसऱ्या स्क्रीनवर युक्रेनचे व्हिडिओ बघायचो आणि संध्याकाळी त्या शीटमध्ये आकडे भरायचो. रांगेत जॅव्हलिन, एनलॉ, मिलान, स्टुग्ना. वर वजन, पल्ला, किंमत, मार्गदर्शनाची पद्धत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला दाखवायचंही नव्हतं. काही लोक क्रिकेटचे आकडे जमवतात, तसंच.

थोडं कारण माझ्या कामातही होतं. मी गोदामातल्या कॅमेऱ्यांसाठी ऑब्जेक्ट ट्रॅकिंगचा कोड लिहितो. पट्ट्यावरून सरकणारं खोकं पुढच्या फ्रेममध्ये कुठे असेल, हे आधीच ओळखायचं. त्यामुळे एनलॉ कसं चालतं हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. स्वीडनच्या साबने बनवलेलं आणि उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला जोडलं जाणारं हे साडेबारा किलोचं क्षेपणास्त्र. त्याला डोळाच नाही. सैनिक चालत्या रणगाड्यावर तीनेक ते सहा सेकंद नेम धरून ठेवतो, तेवढ्यात आतला संगणक लक्ष्याचा कोनीय वेग मोजतो, आणि मग क्षेपणास्त्र रणगाडा जिथे असायला हवा तिथे जातं. छतावरून साधारण मीटरभर उंचीने जाताना चुंबकीय आणि प्रकाशीय सेन्सर 'खाली लोखंड आहे' असं सांगतात आणि स्फोट खालच्या दिशेने होतो. छताचं चिलखत सगळ्यात पातळ.

म्हणजे माझाच पहिल्या वर्षातला कोड. वेग स्थिर धरा, पुढची जागा काढा. त्याची खोटही तीच. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा रणगाडा सेकंदाला दहा मीटर सरकतो. एनलॉला चारशे मीटर जायला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात चालकाने करकचून ब्रेक मारला तर गणित चुकलं. माझ्या पट्ट्यावर कोणी खोकं हाताने अडवलं की माझंही चुकतं.

जॅव्हलिन याच्या उलट. त्याच्या नाकात उष्णता बघणारा कॅमेरा आहे, फक्त ६४ गुणिले ६४ पिक्सेलचा. तुमच्या फोनवरच्या आयकॉनलाही यापेक्षा जास्त पिक्सेल लागतात. पण तेवढ्यात ते रणगाडा ओळखून धरतं, नळीतून हलकेच बाहेर पडतं, मग मुख्य मोटर पेटते, सुमारे दीडशे मीटर उंच चढून वरून खाली येतं. कॅमेरा आधी थंड करावा लागतो आणि ती बॅटरी-कूलंटची कुपी एकदा चालू केली की चारेक मिनिटांत संपते. लक्ष्य दिसत नसताना उगाच चालू केलीत तर गेली. लाँचरसकट ओझं बावीस किलोच्या आसपास. लाँचर मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतो, आणि त्याची थर्मल दुर्बीण रात्री नुसती टेहळणी करायलाही कामाला येते. २०१८ मध्ये अमेरिकेने युक्रेनला पहिल्यांदा जॅव्हलिन दिली तेव्हा २१० क्षेपणास्त्रं होती आणि ३७ लाँचर.

मदत म्हणून काय द्यावं हा प्रश्न या फरकातून सुटतो, असं मला तेव्हा वाटायचं. एनलॉ वापरून फेकून द्यायचं आणि शिकायला सोपं. जानेवारी २०२२ मध्ये, युद्ध सुरू व्हायला महिना असताना, ब्रिटनने सुमारे दोन हजार पाठवली. (त्याच जानेवारीत जर्मनीने पाच हजार हेल्मेट देऊ केली होती आणि जगभर त्यांची थट्टा झाली. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनीही एक हजार रणगाडाविरोधी शस्त्रं जाहीर केली.) फ्रेंच-जर्मन मिलान जुनी, तारेने चालणारी. आपल्याकडे हैदराबादची भारत डायनॅमिक्स तीच बनवते. २०२१ मध्ये आपल्या लष्करासाठी ४,९६० मिलान-२टीचा ११८८ कोटींचा करार झाला, म्हणजे एकाला साधारण चोवीस लाख. जॅव्हलिनच्या किमतीचा कॉलम मी शेवटी सोडून दिला. कोणत्या वर्षीचा करार धरता आणि लाँचर मोजता की नाही, यावर आकडा दुपटीने बदलतो. स्टुग्ना तर मदतीतली नव्हेच, ती कीव्हच्या लूच ब्युरोची घरची. पण शीटमध्ये छान दिसायची.

आता त्या क्लिपबद्दल.

एका टी-७२ चा बुरुज उडून जातो, वर जातो, गिरकी घेतो. कोणीतरी मागे गाणं लावलं होतं. मी ती आजोळच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'टोपी उडाली.' दोन मावसभावांनी हसणारे चेहरे टाकले. धाकट्या मामांनी बघितलं, काही लिहिलं नाही आणि रात्री ग्रुप सोडला. मामी म्हणाल्या, फोनमध्ये जागा नव्हती.

धाकटे मामा चिलखती दलात होते. टी-७२ चे ड्रायव्हर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी नगरचं टँक म्युझियम त्यांनीच दाखवलं होतं, पाकिस्तानकडून घेतलेल्या पॅटनसमोर माझा फोटोही त्यांनीच काढला होता. पण क्लिपमधला तो रणगाडा आणि मामा ज्यात बसायचे तो रणगाडा, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

पाडव्याला नगरला गेलो. दोन एप्रिल. रशियन फौजा मागे गेल्यावर अख्खा कीव्ह प्रांत मोकळा झाल्याचं युक्रेनने त्याच दिवशी जाहीर केलं होतं आणि मी बसमध्ये तेच वाचत होतो. जेवणाआधी मामा अंगणात एकटेच होते. माफी कशी मागायची ते सुचेना, म्हणून मी लॅपटॉप काढून शीट दाखवली. आता विचार केला की हसू येतं.

त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं. मग म्हणाले, "हे समदं बाणाचं झालं. बाण सोडणारा किती वेळ बसून राहतो?"

मला कळलं नाही.

"अरे, आम्हाला शिकवायचे. समोर फ्लॅश दिसला की घाबरायचं नाही. तो माणूस अजून तिथंच हाय. तार धरून बसलाय. त्याच्याकडं फायर करायचा, धूर सोडायचा, गाडी वळवायची. त्याचा नेम हलला की बाण भरकटला."

त्या दुपारी मी नवा कॉलम टाकला. १९७३ च्या युद्धात इजिप्तने वापरलेली सोव्हिएत माल्युत्का: तीन किलोमीटरला पंचवीसेक सेकंद, तेवढा वेळ सैनिकाने काडी धरून ते हाताने उडवायचं. इस्रायली रणगाडेही नेमकं मामांनी सांगितलं तेच शिकले, माणसाच्या दिशेने गोळीबार करायचा. मिलान: दोन किलोमीटरला साडेबारा सेकंद, नेम लक्ष्यावर ठेवून. स्टुग्ना: पाच किलोमीटरला वीसहून जास्त, पण चालवणारा पन्नास मीटरपर्यंत लांब केबलने दुसरीकडे लपून बसू शकतो. एनलॉ: सोडण्याआधीचे ते काही सेकंद, नंतर पळ. जॅव्हलिन: एकदा लक्ष्य धरून सोडलं की शून्य.

बाकीचे कॉलम मग मला फिके वाटायला लागले. माल्युत्का तीन किलोमीटर जायची, एनलॉ आठशे मीटर. पन्नास वर्षांत पैसा पल्ल्यावर कमी आणि या सेकंदांवर जास्त खर्च झालाय. चार दिवसांपूर्वी शाळेत शिकवणाऱ्या किंवा टॅक्सी चालवणाऱ्या माणसाच्या हातात शस्त्र द्यायचं असेल, तर त्याला उघड्यावर कमीत कमी वेळ बसावं लागणं हीच खरी मदत.

हे मी उत्साहाने मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आतल्यांना काय कळणार?"

काहीच नाही. लेझर पडलं की इशारा देणारी यंत्रणा टी-९० वर असते, पण जॅव्हलिन किंवा एनलॉ लेझर टाकतच नाही. तार नाही. ज्याच्यावर फायर करायचा तो माणूस केव्हाच निघून गेलेला. बाहेरच्याचे सेकंद वाचले ते आतल्यांच्या खात्यातून. आणि आत कोण, हेही सरळ नाही: त्या वर्षी पोलंडने युक्रेनला दोनशेच्या वर टी-७२ दिले. "दोन्हीकडं तीच गाडी," मामा म्हणाले.

(पुढे नोव्हेंबरमध्ये लंडनच्या आरयूएसआय या संस्थेचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की बोलबाला या क्षेपणास्त्रांचा झाला, पण कीव्हवरची चाल मोडली ती दोन तोफखाना ब्रिगेडच्या माऱ्याने. तोफेची क्लिप व्हायरल होत नाही. मी तो अहवाल वाचला तेव्हा शीट उघडून महिने झाले होते.)

मामी पानं घेत होत्या. मामांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, तीत मागे रेलून पाय पुढे ताठ केले, गुडघा दुखतो म्हणून जरा थांबले. "ड्रायव्हर असा. एकटा, पुढं मधोमध. कमांडर न गनर वर बुरुजात, त्यांच्या पायाखाली बावीस गोळ्यांचं चक्र, म्हणजे माझ्या पाठीमागं." टोपी का उडते ते मी शीटमध्ये लिहिलं होतं. त्यातला शब्द 'दारूगोळा साठवण' असा होता. मामांनी हात डोक्यावर नेला, झाकण ढकलल्यासारखा. "हे माझं दार. अन् याच्या वर तोफेची नळी."

मी विचारलं, बाहेर यायला किती सेकंद लागतात?

"तोफ कुठं वळलीय त्यावर."

मी खाली नवी ओळ टाकली, टी-७२, चालक, आणि सेकंदांच्या कॉलममध्ये तेच वाक्य टाइप केलं. आतून मामींनी दुसऱ्यांदा हाक मारली. मामांना खुर्चीतून उठायला हात दिला, तो त्यांनी घेतला.