हौसेच्या सुरकुत्या

सुरकुती ही वार्धक्याची खूण, अशी आपली समजूत. चीनमधल्या शार-पेई जातीच्या कुत्र्याने मात्र हा हिशेब पार उलटा मांडला आहे. त्याचे पिल्लू म्हणजे घड्याच घड्या. पुढे वय वाढते तशा त्या कमी होतात!

आपल्याकडे २००३ साली मोबाइलच्या एका जाहिरातीत पग झळकला आणि सुरकुतलेला कुत्रा मध्यमवर्गीयांच्या घरात शिरला. असाच एक पग नातवाच्या हौसेपायी केशोरीला माझ्या मावशीकडे आला आहे. तो घरघरतो, तेव्हा पोरे खदखदा हसतात. मावशी म्हणते, "हासू नका रे, त्याले दम लागते."

तिचे खरे आहे. कुत्रा आपले अंग निववतो ते धापा टाकून. पगचे नाकच चपटे, त्याला ती धापही पुरत नाही. त्यातून विदर्भाचा उन्हाळा! म्हणून मावशी त्याला भर उन्हात बाहेर सोडत नाही. घड्यांत ओल नि मळ साचला की कातडी चिघळते. म्हणून ती रोज ओल्या फडक्याने घडी न् घडी पुसते आणि कोरड्या फडक्याने टिपून घेते.

मावशीच्या सुरकुत्या आयुष्याने पाडल्या. त्याच्या, माणसाच्या हौसेने. हौस ज्याची, फडकेही त्यानेच हाती घ्यायला नको का?