पोराला कुठेतरी चिकटवा, सर

आयटीआयचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. कसारा, खर्डी, किन्हवली, डोळखांब, मुरबाड. गाव बदलतं, वाक्य तेच. "सर, पोराला कुठेतरी चिकटवा." मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक. नोकरी देणं माझ्या हातात नाही. कोण कुठे मेंटेनन्सला आहे, कुणाकडे माणूस कमी पडतोय, एवढं मला ठाऊक असतं. पालकांना तेच हवं असतं.

ओळखीने लागलेल्या नोकरीला आपण नाक मुरडतो. पण मुंबईच्या गिरण्यांत भरती ओळखीवरच चालायची. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, आपल्या गावचा, भाऊबंदांतला माणूस आणायचा, आधी बदलीवर उभा करायचा. खाणावळीची उधारी नि खोलीत पथारीपुरती जागा गाववाल्यांच्या शब्दावर मिळायची. जॉबर त्यात दस्तुरी खायचा, हेही खरं. या गोतावळ्यात आधार मोठा होता, पण सगळे एकाच धंद्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि कित्येक घरांत बाप, चुलता, मामा एकदमच घरी बसले. मग कोणी कोणासाठी शब्द टाकायचा?

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झवाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांवरचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जातींची कारखान्यांतल्या कामगारवर्गात जुनी घट्ट साखळी होती, त्यांचे मुलगे मराठी माध्यमात आणि मग त्याच कामांत जात राहिले. मुलींना त्या साखळीत जागाच नव्हती. त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या. काकाने लावलेली नोकरी बहुधा काकाच्याच पायरीवर ठेवते.

आमच्या भागात आता भिवंडीची गोदामं आहेत. पाड्यावरचा एकजण ठेकेदाराकडे पॅकिंगला लागला की मागोमाग चार-पाच जातात. त्यांत आयटीआय झालेलाही असतो. त्याला पॅनेल वायरिंग येतं हे ठेकेदाराला माहीत नसतं, आणि पॅनेलच्या कामातलं पाड्यावर कोणी नसतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये जवळच्या गोतावळ्याची हीच मर्यादा दाखवली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा होता, असं सांगणारे सहांत जेमतेम एक निघाले. घरच्यांना आपली कळकळ जास्त, पण आपल्याला ठाऊक तेवढंच त्यांनाही ठाऊक. नवी खबर येते ती जेमतेम ओळखीच्या माणसाकडून.

अशी माणसं कसाऱ्याच्या पोराला कुठे भेटणार? पहिली जागा लोकल. आसनगावच्या पुढे गाड्या विरळ, त्यामुळे ठरलेल्या डब्यात ठरलेले चेहरे. वासिंदचा फिटर, कल्याणचा लाइनमन, ठाण्याच्या कंपनीतला स्टोअरकीपर. मोबाइलमधून मान वर काढली तर दोन-अडीच तासांत बरंच कळतं. मुलींना मी लेडीज डब्यातल्या बायकांना विचारायला सांगतो. कुठली कंपनी दुसऱ्या पाळीनंतर स्टेशनपर्यंत गाडी देते, हे जाहिरातीत नसतं. त्यांना माहीत असतं.

दुसरी जागा इलेक्ट्रिकच्या दुकानाचं काउंटर. केबल आणि एमसीबी कोणाच्या साइटवर चाललेत हे दुकानदार सांगतो. तिसरी, अप्रेंटिसशिप. 1961 च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. वर्ष संपल्यावर तिथे कायम केलं नाही, तरी तुमचं काम पाहिलेला सुपरवायझर तुम्हाला मिळालेला असतो.

मग त्याच्याशी बोलायचं कसं? मुलं लिहितात, "सर काही काम असेल तर सांगा." यावर कोण काय करणार? मी असं लिहून घेतो: "दादा, मी कसाऱ्याचा. मागच्या वर्षी तुमच्याकडे अप्रेंटिस होतो. स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी आणि मोटरचा फॉल्ट काढणं येतं. पहिली पाळी जमेल. रात्री उशिरा सुटलो तर गाडीची अडचण. तुमच्याकडे जागा नसेल तर कोणाला भेटू?" शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. नोकरी देणं थोड्यांच्या हातात असतं, पुढचं नाव बहुतेकांना सांगता येतं. आणि कोणी आधी पैसे मागितले, तर तिथूनच मागे फिरायचं.

आपल्यासाठी शब्द टाकणारा स्वतःची पत पणाला लावतो, हे पोरांना उशिरा कळतं. तीन दिवसांत न सांगता काम सोडलं, तर त्याच्या पाठोपाठ गावातून येणाऱ्याचंही दार बंद होतं. म्हणून माझा नियम साधा आहे. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी, ज्याने नाव सांगितलं त्याला फोन करायचा. निवड झाली तरी, नाही झाली तरी. आणि पहिला पगार झाल्यावर आपला नंबर मागून येणाऱ्या बॅचच्या एका पोराला द्यायचा. शक्यतो आपल्या पाड्यावरच्या नव्हे, दुसऱ्या गावच्या.